शाबासकीने गाव बदलतं का?

‘ज्यांना करायचं ते पुरस्काराशिवायही करतात, आणि ज्यांना करायचं नाही ते लाखाचं बक्षीस ठेवलं तरी हलत नाहीत. मग हा खटाटोप कशाला?’

सोसायटीची वार्षिक सभा असो, ग्रामसभा असो की व्यापारी संघाची बैठक, ‘पर्यावरणपूरक घर’, ‘हरित दुकान’ असा काही सन्मान सुरू करायची गोष्ट निघाली की हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. प्रश्न रास्त आहे. शाल, श्रीफळ आणि ट्रॉफी यांनी कचरा कमी होत नाही, विजेचं बिल उतरत नाही, विहिरीला पाणी लागत नाही. पण प्रश्नात माणसांचे दोनच गट धरले आहेत, आणि गावात तिसरा गटही असतो. बहुतेक वेळा तोच सगळ्यात मोठा असतो.

१. मधली माणसं

या तिसऱ्या गटाला ओला-सुका कचरा वेगळा करायला हरकत नसते. फक्त आपण एकटेच करतोय आणि बाकीचे हसतायत, असं व्हायला नको असतं. शेजारचे चार जण करू लागले की ही माणसं करतात, आणि शेजारच्यांनी सोडलं की यांचंही सुटतं. कुठल्याही सन्मानाचं खरं लक्ष्य ही मधली माणसं असतात. व्यासपीठावर बोलावलेला माणूस हे तर आधीपासूनच करत असतो.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस या शहरात यावर एक सुंदर प्रयोग झाला. मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये तो प्रसिद्ध केला. तीनशेच्या आसपास घरांचे विजेचे मीटर वाचले आणि प्रत्येक दारावर एक चिठ्ठी लावली: तुमचा वापर इतका, तुमच्या वस्तीची सरासरी इतकी. जास्त वीज जाळणाऱ्या घरांनी वापर कमी केला, हे अपेक्षितच होतं. पण सरासरीपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या घरांचा वापर वाढला. आपण उगाच काटकसर करतोय असं त्यांना वाटलं असावं, आणि ती घरंही सरासरीकडे सरकली.

मग दुसऱ्या काही घरांच्या चिठ्ठीवर एकच भर घातली. कमी वापर असेल तर हसरा चेहरा आणि जास्त असेल तर उतरलेला चेहरा, पेनने काढलेला. हसरा चेहरा मिळालेल्या घरांचा वापर कमीच राहिला.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहायला हव्यात. लोक काय करतात, ही एक. लोकांना काय योग्य वाटतं, ही दुसरी. सरासरीचा आकडा पहिली गोष्ट सांगतो आणि चांगल्यालाही खाली ओढू शकतो. हसरा चेहरा दुसरी गोष्ट सांगतो: तुम्ही करताय ते बरोबर आहे, आणि ते आम्ही पाहिलंय. कुठल्याही सन्मानाचं मूळ काम एवढंच आहे.

२. अनुदान आधी की मान आधी?

आता आपल्याकडे येऊ. १९९७ ते २००० या काळात महाराष्ट्र सरकारने ग्रामीण भागात अनुदान देऊन लाखो शौचालयं बांधली. नंतर पाहणी झाली तेव्हा त्यातली निम्म्याच्या आसपास वापरातच नव्हती. कुणी त्यात सरपण रचलं, कुणी गोवऱ्या. पैसे बांधकामाला मिळाले होते, वापराला नव्हे.

२०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. आर. आर. पाटील तेव्हा ग्रामविकासमंत्री होते. अभियानाने व्यवहार उलटा केला. आधी पैसे नाहीत. गावाने आपल्या हिमतीवर स्वच्छता करायची, समिती येऊन पाहील, आणि चांगलं असेल तर बक्षीस. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत. दिवसा गाव झाडून काढायचं आणि रात्री कीर्तनात लोकांच्या डोक्यातला कचरा काढायचा, ही त्यांची रीत. अभियानाला त्यांचं नाव देणं हा त्यातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता असं मला वाटतं. सरकारी योजना म्हटलं की लोक काय मिळणार ते विचारतात. बाबांचं नाव घेतलं की काय करायचं ते विचारतात.

तपासणीला येणारी समिती फक्त कागद पाहत नसे. घराघरात जाऊन पिण्याच्या पाण्याच्या माठाशेजारी लांब दांड्याचं ओगराळं आहे का, सांडपाणी रस्त्यावर येतं की शोषखड्ड्यात जातं, परसबाग आहे का, उकिरडा कुठे आहे, शाळेतल्या मुलांची नखं कापलेली आहेत का, इतक्या बारकाईने पाहिलं जाई. तपासणी टप्प्याटप्प्याने वर जाई: तालुका, जिल्हा, विभाग, मग राज्य. ही उतरंड महत्त्वाची आहे. राज्यात पहिलं येण्याचं स्वप्न फार थोडी गावं पाहतात. पण शेजारचं गाव तालुक्यात आलं आणि आपलं राहिलं, ही गोष्ट पारावर वर्षभर बोलली जाते. मान जितका जवळचा, तितका तो माणसाला हलवतो.

शिवाय गुण एका घराला नव्हते, सगळ्या गावाला होते. एकाच घरासमोर गटार तुंबलेलं दिसलं तरी गुण सगळ्यांचे जाणार. त्यामुळे ज्या कामासाठी कुणी कुणाच्या दारात गेलं नसतं, त्यासाठी लोक एकमेकांच्या दारात गेले. महिला बचत गट, तरुण मंडळं, शाळेतली मुलं सगळी त्यात आली.

पण हेच हत्यार उलटंही चालतं. पुढच्या काळात पहाटे उघड्यावर बसणाऱ्यांना अडवायला ‘गुड मॉर्निंग पथकं’ निघाली, तेव्हा ज्यांच्याकडे संडास बांधायला जागा नाही किंवा पैसा नाही, अशांचीही मान खाली गेली. गावाचा मान वाढवताना गावातल्या सगळ्यात गरीब माणसाचा मान जाणार असेल, तर तो सन्मान चुकीचा आखलेला आहे. सामूहिक गुण ठेवायचे असतील तर आधी अडलेल्या घरांना मदत आणि मग तपासणी, हा क्रम मोडता कामा नये.

३. शर्यत की परीक्षा?

सन्मान देण्याच्या दोन रीती आहेत. शर्यतीत पहिला एकच येतो. परीक्षेत मात्र ठरलेले गुण मिळवणारे सगळे पास होतात, शंभरच्या शंभर पोरं पास झाली तरी कुणाचं बिघडत नाही. कुठे काय वापरायचं, यावर सन्मानाचं निम्मं यश ठरतं.

शर्यतीचं आपल्याकडचं मोठं उदाहरण म्हणजे पानी फाउंडेशनचा सत्यमेव जयते वॉटर कप, म्हणजे श्रमदानातून पाणी अडवण्याची गावागावांची स्पर्धा. २०१६ मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांतली ११६ गावं उतरली आणि कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं. पुढच्या वर्षी ३० तालुके आणि १,३२१ गावं होती, तेव्हा वर्धा जिल्ह्यातल्या काकडदरा या कोलाम आदिवासींच्या छोट्या गावाने पहिला क्रमांक घेतला. आधी गावातल्या निवडक लोकांना पाणलोटाचं प्रशिक्षण आणि मग ऐन उन्हाळ्यात श्रमदान. २०१८ मध्ये त्यासाठी ८ एप्रिल ते २२ मे असे ४५ दिवस होते.

१,३२१ गावांत पहिलं एकच, मग बाकीच्यांनी हरून काय मिळवलं? चर खोदले, बांध घातले, ते राहिले. पाऊस आला की पाणी क्रमांक विचारून मुरत नाही. काम थोड्या मुदतीत जोर लावून होण्यासारखं असेल आणि हरलेल्याच्याही हाती काहीतरी राहणार असेल, तर शर्यत चालते.

शर्यतीत एक धोका मात्र असतो. ज्याचे गुण मोजले जातात तेवढंच काम होतं. घनमीटर मोजले की खोदकाम वाढतं. मग चर जिथे पाणी मुरवेल तिथे खणायचे की जिथे भराभर खणता येतील तिथे, असा पेच येतो. चांगल्या गवताळ कुरणावर चर खणले तर उलट नुकसानच होतं. म्हणून आकड्याबरोबर जागाही पाहणारा जाणकार तपासणीत असावा लागतो.

दुकानं, हॉटेलं आणि घरं यांना परीक्षा बरी. तीच खानावळ पुढच्या वर्षीही चालणार असते, आणि शेजारची खानावळही तितकीच चांगली झाली तर गावाचा फायदाच आहे. शर्यत लावली तर पहिली खानावळ आपली युक्ती दुसरीला सांगणार नाही. परीक्षेत सांगायला हरकत नसते.

अशी परीक्षा आपण रोज पाहतो. फ्रिज आणि एसीवर चिकटवलेले विजेच्या बचतीचे तारे २००६ मध्ये ऐच्छिक म्हणून सुरू झाले, आणि २०१० पासून एसीसह काही उपकरणांना सक्तीचे झाले. त्यातली मेख अशी की निकष दर काही वर्षांनी कडक होतात. काल पाच तारे मिळवणारं यंत्र उद्या तीनवर येऊ शकतं. असं केलं नाही तर काही वर्षांत सगळेच पंचतारांकित होतात आणि ताऱ्याकडे कुणी पाहतही नाही. गावातल्या ‘हरित दुकान’ पाटीलाही हाच नियम हवा.

४. एका सोसायटीचा हिशेब

पुणे महापालिका सौरऊर्जा, गांडूळखत आणि पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण यांपैकी एक व्यवस्था असलेल्या मिळकतीला करात ५ टक्के आणि दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के सवलत देते. ही रोख पैशातली शाबासकी झाली. ती पुरते का, ते एका कल्पित सोसायटीचा हिशेब मांडून पाहू.

६० सदनिका, घरटी ४ माणसं, म्हणजे २४० जण. माणशी दिवसाला ४०० ग्रॅम कचरा धरला तर ९६ किलो होतो. २०१६च्या घनकचरा नियमांनी दिवसाला १०० किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांवर वेगळी जबाबदारी टाकली. आपली सोसायटी थोडक्यात त्याखाली राहिली, म्हणजे जे होईल ते राजीखुशीने. निम्मा कचरा ओला धरला तर ४८ किलो, महिन्याला साधारण १,४४० किलो. त्याचं खत होतं पाचवा हिस्सा, सुमारे ३०० किलो.

आता पैसे. प्रत्येक सदनिकेचा कर वर्षाला १२,००० रुपये आणि सवलत सोयीसाठी सगळ्या रकमेवर धरली, तर ५ टक्क्यांनी ६०० रुपये वाचतात. ६० घरांचे झाले ३६,०००. खत किलोला ५ रुपयांनी गेलं तर वर्षाचे १८,०००. जमा ५४,०००. खर्चाच्या बाजूला, रोज दोन तास कचरा निवडून खताचा खड्डा हलवणाऱ्या माणसाला महिना ५,००० म्हणजे वर्षाला ६०,०००. कल्चर, कोकोपीट, दुरुस्ती १०,०००. एकूण ७०,०००. तूट १६,०००. घरटी महिन्याला सुमारे २२ रुपये.

बावीस रुपयांसाठी कुठलीही सोसायटी खड्डा बंद करत नाही. खड्डा बंद पडतो तो चिलटं झाली म्हणून, तळमजल्यावरच्यांनी वासाची तक्रार केली म्हणून, उत्साही सेक्रेटरी बदलला म्हणून. पैशाची सवलत खड्डा सुरू करायला लावते. तो चालू ठेवायला मात्र दुसरं काही लागतं. खड्डा असल्याबद्दल सवलत मिळत असेल आणि चालवल्याबद्दल नसेल, तर बंद खड्डाही सवलत खात राहतो.

म्हणून सन्मान देणाऱ्याने झाकण स्वतः उघडावं. चालू खड्ड्यात हात घातला की आतून ऊब लागते. वर कालपरवाची कोथिंबिरीची देठं, चहाचा चोथा, कांद्याची सालं ओळखू येतात. चार बोटं खाली तीच सालं काळवंडून मऊ पडलेली असतात आणि आणखी खाली भुरभुरीत काळं खत लागतं, त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास असतो. दाखवण्यापुरत्या खड्ड्यात थर नसतात. वरपासून खालपर्यंत एकसारखा वाळका पालापाचोळा, मध्ये एखादी पाण्याची बाटली, आणि फावड्याच्या दांड्याला कोळ्याचं जाळं. त्यातूनही शंका राहिली तर एकच प्रश्न विचारावा: मागच्या महिन्याचं खत गेलं कुठे? चालू खड्ड्यावरचा माणूस लगेच कुंड्या दाखवतो, नाहीतर नेणाऱ्याचं नाव सांगतो.

पावसाच्या पाण्याचंही तसंच. गच्चीवरून खाली येणारा पाइप शेवटपर्यंत पाहावा. गाळणीच्या खड्ड्यात गाळ भरलाय का आणि शेवटचा जोड सुटलाय का, हे मे महिन्यात कळतं, ऑगस्टमध्ये नाही. सौर बंब असेल तर नळ्यांवरची धूळ पाहावी आणि खाली न्हाणीघरात विजेचा गीझर चालू आहे का तेही.

५. कारखान्याचा रंग

घर आणि दुकान चांगुलपणाने ऐकेल, पण धूर आणि सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याला शाबासकीने काय फरक पडणार? इंडोनेशियाने १९९५ मध्ये ‘प्रोपर’ नावाची योजना आणली आणि कारखान्यांना पाच रंग दिले. नियमांच्या कितीतरी पुढे असलेल्याला सोनेरी, नियमांपेक्षा बऱ्याला हिरवा, नियम पाळणाऱ्याला निळा, कमी पडणाऱ्याला लाल आणि काहीच न करणाऱ्याला काळा. पाणी-प्रदूषण किती हे आकडे कुणाला समजत नव्हते. रंग मात्र सगळ्यांना समजले.

पहिल्या फेरीत १८७ कारखाने होते. सोनेरी एकही नाही, ५ हिरवे, ६१ निळे, ११५ लाल, ६ काळे. सरकारने आधी फक्त हिरव्या पाचांची नावं जाहीर केली आणि त्यांचं कौतुक केलं. बाकीच्यांना त्यांचा रंग खासगीत कळवला आणि सांगितलं, डिसेंबरपर्यंत मुदत आहे, मग सगळ्यांची नावं छापू. त्या मुदतीत काळ्यातले काही वर सरकले.

या क्रमात मला फार शहाणपण दिसतं. आधी चांगल्याचं जाहीर कौतुक, मग कमी पडणाऱ्याला गाजावाजा न करता सुधारायची संधी, आणि त्यानंतर उघड निकाल. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानेही ५ जून २०१७ रोजी धुराड्यातून निघणाऱ्या सूक्ष्म कणांवरून कारखान्यांना एक ते पाच तारे देणारी योजना सुरू केली. कागदोपत्री पडून राहणारे मोजमापाचे आकडे अशाने शेजारच्या वस्तीतल्या माणसाच्या हाती येतात.

६. पाटी लागल्यानंतर

केंद्र सरकारने २००३ मध्ये स्वच्छ गावांसाठी निर्मल ग्राम पुरस्कार जाहीर केला. महाराष्ट्रातली हजारो गावं त्यात आली. काही वर्षांनी सहा राज्यांतल्या १६२ पुरस्कारप्राप्त ग्रामपंचायतींची पाहणी झाली, तेव्हा गावातला प्रत्येक जण शौचालय वापरतो अशी गावं मोजकीच निघाली. वेशीवरची पुरस्काराची कमान मात्र होती तशीच होती.

याचा अर्थ पुरस्कार फुकट गेला असा नाही. तो एकदाच आणि कायमचा दिला, इथे चुकलं. सन्मानाला मुदत हवी. पाटीवर साल ठळक असावं, दोन वर्षांनी पुन्हा तपासणी व्हावी, आणि ढिलाई दिसली तर पाटी काढून घ्यायची तयारी असावी. दुकानांच्या बाबतीत तर हे फार जरुरीचं आहे, कारण ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द विक्री वाढवतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये असे दावे पुराव्याशिवाय करू नयेत म्हणून मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती यासाठीच. खानावळीला पाटी देताना भिंतीवरची रोपं मोजू नयेत. तळणाचं उरलेलं तेल कुणाला जातं, उरलेलं अन्न कुठे जातं, पार्सल कशात बांधतात, हे विचारावं.

७. यादीत कोण नाही?

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे अनेक वर्षं गावरान वाणांचं बियाणं जपत होत्या. त्यांना २०२०ची पद्मश्री जाहीर झाली, पण सुरुवातीची कित्येक वर्षं त्यांचं काम कुठल्याही अर्जात बसणारं नव्हतं. बहुतेक पुरस्कारांना अर्ज लागतो, फोटो लागतात, अहवाल लागतो. जी माणसं खरोखर कमी वापरतात, जुनं दुरुस्त करून वापरतात, त्यांच्याकडे यातलं काही नसतं. चपला शिवणारा, भांड्यांना कल्हई लावणारा, भंगारवाला हे गावातले सगळ्यात जुने पर्यावरणपूरक व्यवसाय आहेत, आणि हरित व्यवसायाच्या यादीत ते क्वचित दिसतात. निवड समितीने अर्जांची वाट न पाहता स्वतः फिरून नावं शोधावीत, निदान काही जागा तरी अशा शोधलेल्या नावांसाठी राखाव्यात.

पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि तिच्यातूनच पुढे, २००८ मध्ये, कचरावेचकांची ‘स्वच्छ’ सहकारी संस्था उभी राहिली. आज तिथे तीन हजारांहून अधिक जण घरोघरचा कचरा गोळा करतात. त्यांचा सत्कार व्हावा हे खरंच, पण मला त्याहून जास्त हवं आहे. त्यांना परीक्षक करावं. कुठल्या इमारतीत ओल्या कचऱ्यात ब्लेड निघतं, कुठल्या घरचे सॅनिटरी पॅड कागदात नीट गुंडाळून वेगळे येतात, कुठल्या सोसायटीने फक्त तपासणीच्या आठवड्यात दोन बादल्या ठेवल्या, हे कचरा उचलणाऱ्या ताईला वर्षाचे बारा महिने माहीत असतं. वर्षातून एकदा येणाऱ्या समितीला ते कधीच दिसणार नाही.

समजा सोसायटीच्या सन्मानाला १०० गुण आहेत. ४० गुण समितीच्या भेटीला, २० गुण वीज आणि पाण्याच्या बिलांना, आणि ४० गुण कचरा नेणाऱ्यांच्या मताला द्यावेत. सोसायटीने त्यांच्यावर दबाव आणू नये म्हणून एकटीने दिलेले गुण उघड न करता त्या भागातल्या तिघीचौघींचे मिळून सरासरी गुण धरावेत आणि दर तीन महिन्यांनी नोंदवावेत. नोंद लिहून घ्यायचं काम मोबाइलवर आवाजात बोलूनही होईल. आणि मोजण्याच्या या कामाचा मेहनताना पुरस्काराच्या रकमेतूनच, ट्रॉफी घ्यायच्या आधी, बाजूला काढून ठेवावा.